म्योड्लारॉइट : शिवेच्या दगडापासून काँक्रीटच्या भिंतीपर्यंत

जर्मनीत बव्हेरिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, होफ शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर म्योड्लारॉइट नावाचे खेडे आहे. वस्ती पन्नासच्या आसपास. शेतकऱ्यांची घरे, गुरांचे गोठे, एक तळे आणि मधून वाहणारा टानबाख नावाचा ओढा. पावसाळी दिवस सोडले तर लहान मूलही उडी मारून पार करील एवढाच तो रुंद आहे. या ओढ्याकाठाने १९६६ ते १९९० अशी चोवीस वर्षे ७०० मीटर लांबीची आणि सुमारे ३.३ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत उभी होती. भिंतीच्या अलीकडे पश्चिम जर्मनी, पलीकडे पूर्व जर्मनी. पश्चिमेकडून गस्त घालणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटले.

नाव लक्षात राहते खरे, पण दिशाभूल करते. बर्लिन १९४५ पूर्वी एकच शहर होते, एकाच महापालिकेच्या कारभाराखालचे. म्योड्लारॉइट मात्र कागदोपत्री त्याच्या कितीतरी आधीपासून दोन गावे होते. भिंतीने गाव दुभंगले असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात गाव आधीच वाटलेले होते, फक्त त्या वाटणीचा कोणाला त्रास होत नव्हता. निरुपद्रवी शिवेची जीवघेणी सरहद्द कोणत्या पायऱ्यांनी झाली, हा या प्रकरणाचा खरा विषय आहे. म्हणूनच इथल्या खुणा पाहायला आलेल्याने सुरुवात भिंतीपासून करू नये, दगडापासून करावी.

ओढा आणि दगड

गावाच्या नावातला ‘रॉइट’ हा शेवट या भागात जागोजागी सापडतो, बायरॉइट हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. त्याचा अर्थ जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. ‘टान’ म्हणजे फरसारखी सूचिपर्णी झाडे आणि ‘बाख’ म्हणजे ओढा. थंडीमुळे होफच्या परिसराला ‘बव्हेरियाचा सायबेरिया’ म्हणतात. झाडे तोडून इथे शेती उभी करणाऱ्यांनी पाण्याच्या दोन्ही काठांनी घरे बांधली, यात नवल काही नाही. पण राज्यकर्त्यांच्या नकाशात ओढा म्हणजे आयती हद्द. टानबाखच्या दोन्ही काठांवर वेगवेगळ्या घराण्यांची सत्ता आली आणि गावाची वाटणी झाली.

आज दिसणारी सर्वांत जुनी ठळक खूण १८१० सालची आहे. बायरॉइटचे संस्थान आधी प्रशियाकडे गेले, मग नेपोलियनच्या ताब्यात आले आणि १८१० मध्ये बव्हेरियाने ते फ्रान्सकडून पैसे मोजून घेतले. नवा मालक आला की शीव नव्याने आखायची, ही जगभरची रीत. टानबाखच्या कडेने दगड रोवले गेले. एका अंगाला ‘के. बी.’, म्हणजे बव्हेरियाचे राज्य. दुसऱ्या अंगाला ‘एफ. आर.’, म्हणजे रॉइसचे संस्थान. रॉइस हे थुरिंगियातले चिमुकले संस्थान. त्या घराण्यातल्या प्रत्येक मुलाचे नाव हाइनरिश ठेवण्याची प्रथा होती, त्यामुळे राजपुरुष आकड्यांनी ओळखावे लागत. संस्थान गेले, आकडे गेले. हे दगड मात्र अजून ओढ्याकाठी उभे आहेत.

या दगडांचे काम ठरलेले होते. कर कोणाला भरायचा, तक्रार घेऊन कोणत्या कचेरीत जायचे, मुलगा कोणाच्या सैन्यात जाणार, एवढे ते सांगत. रोजचे जगणे मात्र ओढ्याच्या आरपार चाले. शाळा आणि गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला, तर रविवारच्या प्रार्थनेसाठी सगळे शेजारच्या बव्हेरियन ट्योपेन गावच्या चर्चमध्ये जात. शेते दोन्ही काठांवर, सोयरिकी दोन्ही काठांवर. १९१८ मध्ये राजे गेले, १९२० मध्ये रॉइससह अनेक छोटी संस्थाने मिळून थुरिंगिया राज्य झाले. दगडावरची अक्षरे कालबाह्य झाली, पण रेषा तीच राहिली. ती आता एकाच देशातल्या दोन राज्यांमधली हद्द होती. तालुक्याची शीव ओलांडताना जेवढा विचार मनात येतो, तेवढाच इथे येत असणार.

लंडनमधला कागद

रेषेचे रूप बदलले ते या गावापासून शेकडो किलोमीटरवर. १२ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनमध्ये मित्रराष्ट्रांनी पराभूत जर्मनीच्या ताब्याची वाटणी ठरवणारा करार केला. ताब्याचे विभाग कुठे संपणार हे ठरवायला त्यांनी नवी रेषा आखली नाही. आधीच अस्तित्वात असलेल्या राज्यांच्या आणि प्रांतांच्या हद्दी जशाच्या तशा उचलल्या. थुरिंगिया सोव्हिएत संघाला, बव्हेरिया अमेरिकेला. अशा रीतीने १८१० चे दगड दोन महासत्तांमधली सीमा होऊन बसले. करार करणाऱ्यांच्या समोरच्या नकाशावर टानबाख दिसतही नसेल.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी फौजा थुरिंगियातही शिरल्या होत्या. जुलैच्या सुरुवातीला त्या कराराप्रमाणे मागे हटल्या आणि सोव्हिएत फौज आली. काही काळ तिने ओढ्याच्या बव्हेरियन बाजूवरही ठाण मांडले; ती बाजू मोकळी व्हायला १९४६ उजाडले. एवढ्या लहान गावात हद्द नेमकी कुठे, हे बाहेरून आलेल्या सैनिकाला कळणे कठीणच होते. दोन्ही काठांची घरे सारखी, बोली सारखी. तपासायचे तर गवतात शोधून दगड वाचावा लागे.

१९४९ मध्ये दोन जर्मन राष्ट्रे जन्माला आली आणि गावाचा एक काठ एकात, दुसरा दुसऱ्यात गेला. तरीही पुढची दोन-तीन वर्षे माणसे ओढा ओलांडत होती. कधी परवाना घेऊन, कधी पहारेकऱ्याची पाठ वळली की. म्हणजे राष्ट्रे वेगळी झाली म्हणून गाव तुटले नाही. ते तुटले १९५२ साली, आणि एका आदेशाने.

१९५२ : तीन पट्टे

२६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मन सरकारने सीमेवरच्या उपाययोजनांचा हुकूम काढला. सुमारे १४०० किलोमीटर लांबीच्या सगळ्या सीमेवर तो एकाच मापाने लागू झाला. मापे तीन होती. सीमेला लागून दहा मीटरचा पट्टा नांगरून, दाताळ्याने विंचरून उघडा ठेवायचा, म्हणजे पाऊल पडले की ठसा उठलाच पाहिजे. त्याच्या मागे ५०० मीटरचा ‘संरक्षण पट्टा’. त्याच्याही मागे सीमेपासून पाच किलोमीटरपर्यंतचा ‘बंदी प्रदेश’.

कागदावर ही तीन समांतर रिबिनी दिसतात. म्योड्लारॉइटमध्ये त्यांचे काय झाले ते पाहावे. ओढ्यापासून पाचशे मीटर मोजले की पूर्वेकडची घरे त्यात सामावतात. म्हणजे हे अर्धे गाव संपूर्णच सर्वांत कडक नियमांच्या पट्ट्यात आले. इथे राहणाऱ्यांच्या ओळखपत्रावर खास शिक्का लागे. बाहेरगावी दिलेल्या मुलीला आईबापांकडे यायचे तर आधी अर्ज, मग परवाना; आणि तो मिळेलच अशी खात्री नाही. रात्री घराबाहेर राहण्यावर बंधने. गावात अनोळखी माणूस दिसला तर कळवायचे. आणि पश्चिमेकडे हात हलवायचा नाही, नमस्कार करायचा नाही. हात हलवण्यावर बंदी ही ऐकायला क्षुल्लक वाटते. पण तीस-चाळीस मीटरवर सख्खा भाऊ अंगणात उभा असताना मान वळवून निघून जायचे, हे रोज करावे लागणे म्हणजे काय, याचा विचार करावा. भिंत उभी राहण्याच्या चौदा वर्षे आधीच गाव या नियमाने तुटले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये सीमेवरच्या ‘अविश्वासू’ कुटुंबांना उचलून देशाच्या आतल्या भागात नेण्याची मोहीम झाली. सरकारी भाषेत तिचे सांकेतिक नाव होते ‘किडे-कीटक’. सगळ्या सीमेवर मिळून आठ हजारांहून अधिक माणसे काही तासांच्या नोटिशीवर घराबाहेर काढली गेली. १९६१ च्या शरद ऋतूत दुसरी मोहीम झाली, तेव्हा आणखी सुमारे तीन हजार. कोणाचे नाव यादीत जायचे याला काटेकोर निकष नव्हता. पश्चिमेकडे नातेवाईक, चर्चशी जवळीक, गुत्त्यात बोललेले वाक्य, शेजाऱ्याची तक्रार, काहीही चाले. निकष धूसर असल्यामुळेच भीती खोल गेली. मागे राहिलेले माणूस जपून बोलू लागले आणि एकदा लोक जपून बोलू लागले की पहाऱ्याचे निम्मे काम आपोआप होते.

गावात १९५२ सालीच माणसापेक्षा उंच फळ्यांचे कुंपण उभे राहिले. फळ्याच का? तारेच्या कुंपणातून समोरचे दिसते, बोलता येते, पाकीट सरकवता येते. खुल्या शेतात त्याचा फरक पडत नाही, वस्तीत पडतो. फळ्यांनी नजर अडवली. पण लाकूड कुजते, फळी निसटते, मधल्या फटीतून दिसते. पहारेकऱ्यांना सतत डागडुजी करावी लागे. अगदी ओढ्यावरच असलेली गिरणीही पुढे पाडून टाकली गेली, कारण सीमेला खेटलेली इमारत म्हणजे दडायची आणि उडी मारायची जागा. गावचे जे सर्वांत जुने काम पाण्याच्या जोरावर चालत होते, ते पाण्याच्या जवळ होते म्हणूनच संपले.

भिंत आणि तिच्या मागचे यंत्र

१९६६ मध्ये लाकडाची जागा काँक्रीटने घेतली. योगायोग असा की त्याच वर्षाच्या अखेरीस, गावापासून जवळच, ‘झाले’ नावाच्या नदीवरचा रुडॉल्फश्टाइनचा महामार्ग पूल दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाला आणि बर्लिनकडे जाणारी वाहतूक तिकडे वळली; ट्योपेनजवळचा जुना नाका बंद पडला. म्हणजे एका बाजूला रहदारीसाठी सीमा थोडी सोयीची होत होती, तर त्याच सुमारास गावात ती आंधळी होत होती. यात विसंगती नाही. परकीय चलन आणणाऱ्या प्रवाशाला मार्ग हवा होता. गावकऱ्याला नको होता.

भिंत ठेवली होती पूर्वेच्याच जमिनीवर, प्रत्यक्ष हद्दीपासून थोडी आत. हे मुद्दाम केलेले असे आणि सगळ्या सीमेवर तसेच होते. त्यामुळे भिंतीच्या पश्चिमेकडच्या अंगाला डागडुजी करायला, गवत कापायला, शिवेचे खांब रंगवायला पूर्व जर्मन सैनिकांना आपल्याच जमिनीवर उभे राहता येई. पश्चिमेकडचा प्रेक्षक नेमका इथेच चुकायचा. भिंत म्हणजे सीमा असे समजून तो चार पावले पुढे टाकी आणि कायद्याने दुसऱ्या देशात पोचलेला असे. म्हणून बव्हेरियाच्या बाजूला निळे-पांढरे खांब आणि ‘थांबा, इथे सीमा आहे’ अशा पाट्या होत्या. समोर पूर्वेचे काळे-लाल-सोनेरी पट्ट्यांचे काँक्रीटचे खांब. सगळ्या सीमेवर असे सुमारे २६०० होते.

पश्चिमेकडून फक्त भिंत दिसे. यंत्रणा मात्र पूर्वेकडून सुरू होई आणि पळणाऱ्या माणसाला ती उलट्या क्रमाने भेटे. आधी बंदी प्रदेशाच्या रस्त्यावरचा परवान्याचा नाका. मग संकेत देणारे कुंपण: तारेत कमी दाबाची वीज, तार दाबली किंवा तोडली की चौकीत घंटा आणि दिवा. त्या कुंपणाचा हेतू थांबवण्याचा नव्हता, वेळ मिळवण्याचा होता. कुंपण आणि सीमा यांच्यामध्ये टेहळणी मनोरे, दिव्यांचे खांब, भोकांच्या काँक्रीट लाद्यांचा दोन पट्ट्यांचा गस्तीरस्ता, लाद्यांमधून पाणी झिरपते म्हणून तो चिखलात रुतत नाही. मग विंचरलेला पट्टा, तो आता बहुतेक ठिकाणी अरुंद केलेला. उघड्या शेतात त्यापुढे वाहने अडवणारी खणती. तिचा पूर्वेकडचा उतार हलका आणि पश्चिमेकडची भिंत काँक्रीटच्या लाद्यांची, जवळजवळ उभी, म्हणजे ट्रॅक्टर आत उतरेल पण वर चढणार नाही. शेवटी गावाबाहेर सुमारे तीन मीटर उंचीचे पत्र्याच्या जाळीचे कुंपण. जाळीची भोके इतकी लहान की बोट रोवून चढता येऊ नये. गावात या जाळीच्या जागी भिंत. तिचे अंग पांढरे, म्हणजे रात्री दिव्यात माणसाची काळी आकृती उठून दिसावी.

यातला प्रत्येक भाग एकेकटा भेदण्याजोगा होता. जोर होता तो अंतरांच्या हिशोबात: घंटा वाजल्यापासून गस्तीची गाडी पोचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ पळणाऱ्याला उरलेल्या अडथळ्यांवर लागला पाहिजे. म्योड्लारॉइटमध्ये घरे सीमेला इतकी लागून होती की हे अंतरच उपलब्ध नव्हते. ते भरून काढायला उंच भिंत, जास्त उजेड आणि जास्त पहारा लागला. ५० माणसांच्या गावात एवढे काँक्रीट का, याचे उत्तर या हिशोबात आहे.

हिशोबातली फटही एकदा उघडी पडली. १९७३ च्या मे महिन्यात त्याच भागातल्या, पट्ट्यात वाहन नेण्याची मुभा असलेल्या एका माणसाने आपले वाहन भिंतीला लावले, त्यावरून शिडी टेकवली आणि भिंत ओलांडून पश्चिमेकडे उतरला. म्योड्लारॉइटच्या भिंतीवरून यशस्वी झालेले पलायन म्हणून तेवढे एकच ओळखले जाते. यंत्रणा गृहीत धरत होती की पळणारा बाहेरून येईल, पायी येईल आणि संकेताच्या तारेवर अडकेल. परवानाधारक आतच होता, वाहनाने त्याला उंची दिली आणि उरलेले शिडीने भागवले. पहारा परवान्यावर विसंबलेला असतो, म्हणूनच असा पहारा परवानाधारकच फसवू शकतो.

पश्चिमेचा काठ

बव्हेरियाच्या बाजूला जगणे मोकळे होते, पण सोपे नव्हते. तीन बाजूंनी शेजार उरला होता, चौथ्या बाजूला भिंत. ओढ्यापलीकडची जमीन गेली, बाजाराची वाट वळसा घेऊ लागली. पश्चिम जर्मनीने १९७१ च्या कायद्याने सीमेलगतच्या सुमारे चाळीस किलोमीटरच्या पट्ट्याला सवलती दिल्या, कारण तिथून तरुण आणि उद्योग दोन्ही निघून जात होते.

या बाजूला बसमधून पाहुणे येत. भिंतीपाशी उभे राहून पलीकडच्या छपरांचे फोटो काढत. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश इथे येऊन गेले. पश्चिमेचा काठ जगाला दाखवण्याची जागा झाला आणि पूर्वेचा काठ कोणी पाहूच नये अशी. पूर्वेच्या काठावर राहणाऱ्यांना फोटोत आपण आहोत हे माहीत असे आणि खिडकीकडे पाहायचे नाही, हेही.

१९७२ च्या दोन्ही राष्ट्रांमधल्या मूलभूत करारानंतर सीमेलगतच्या जिल्ह्यांतल्या पश्चिम जर्मनांना पलीकडच्या सीमाजिल्ह्यांत ठरावीक दिवस जाण्याची सोय झाली. कागदावर ही मोठी सुधारणा, आणि अनेक कुटुंबांसाठी ती खरोखर होती. म्योड्लारॉइटला मात्र तिचा उपयोग नव्हता, कारण बंदी प्रदेश त्यातून वगळलेला होता. बव्हेरियन म्योड्लारॉइटमधला माणूस नाक्यावरून वळसा घालून पूर्वेच्या गावांत जाऊ शकत होता, पण ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या दारात नाही. सामान्य नियम सीमेच्या सर्वांत जवळच्यांना सर्वांत शेवटी लागू होतात. हे प्रकरण त्याचा मासला आहे.

पाडणे आणि राखणे

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली. म्योड्लारॉइटची त्या रात्री उघडली नाही, पुढच्या कित्येक दिवसांतही नाही. गावकऱ्यांना रस्ता मिळाला तो बरोबर एक महिन्याने, ९ डिसेंबर १९८९ रोजी, आणि तोही पायी जाण्यापुरता. मोठ्या नाक्यांवर कॅमेरे होते, इथे नव्हते. भिंतीत दार पाडायलाही आधी मागणी, मग कचेऱ्यांचा होकार लागला. तोवर हे लोक दुसऱ्या नाक्यावरून वळसा घेऊन आपल्याच गावच्या दुसऱ्या काठाला भेटायला जात.

१७ जून १९९० रोजी यंत्राने भिंत पाडायला घेतली. दिवस विचारपूर्वक निवडलेला होता. १९५३ च्या याच तारखेला पूर्व जर्मनीत कामगारांचा उठाव झाला होता आणि पश्चिम जर्मनीत तो दिवस राष्ट्रीय ऐक्याचा म्हणून पाळला जाई. तरी सातशे मीटरमधले सुमारे शंभर मीटर पाडले नाहीत. ते जागेवरच राखले आणि त्याच वर्षी संग्रहालयाचा पाया घातला गेला. आज ते ‘जर्मन-जर्मन संग्रहालय’ म्हणून चालते.

या निर्णयाचे मोल त्या उन्हाळ्याच्या वातावरणात जोखावे लागते. अनेक गावांनी सगळे लगेच उखडले, आणि ते समजण्यासारखे आहे. रोज अंगणातून दिसणारी गोष्ट कोणाला नकोशी होणार नाही? सीमेच्या बहुतेक भागात आज ना कुंपण उरले ना मनोरा. उरली आहे ती लांबच लांब हिरवी पट्टी, जिथे चाळीस वर्षे नांगर न पडल्याने दुर्मीळ पक्षी आणि वनस्पती टिकल्या. निसर्गासाठी उत्तम; पण ती पाहून यंत्रणा कळत नाही. म्योड्लारॉइटमध्ये भिंत, मनोरे, जाळी, गस्तीरस्ता आणि ओढा एका नजरेत येतात, कारण योग्य वेळी कोणीतरी ‘एवढे ठेवू’ म्हटले.

राखायचे ठरले की कटकटी सुरू होतात, आणि त्या कमी लेखू नयेत. काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते, त्याचा क्षारपणा कमी होतो आणि आतल्या लोखंडी सळीचे संरक्षण जाते. सळी गंजते, गंज जागा जास्त घेतो, वरचा थर फुटतो. त्यात हिवाळ्याचे पाणी गोठून फट रुंदावते. पातळ, घाईने ओतलेल्या भागांवर ते लवकर दिसते. रंग मारला तर मूळ पृष्ठभाग झाकला जातो. न मारला तर पाणी मुरते. विंचरलेल्या पट्ट्याची गत आणखी बिकट: दोन उन्हाळे लक्ष दिले नाही तर गवत, मग बर्चची रोपे. मूळ यंत्रणा हा पट्टा तणनाशकाने बोडका ठेवत असे. संग्रहालयाला तो हाताने राखावा लागतो.

आणखी एक गोष्ट पाहणाऱ्याने लक्षात ठेवावी. मोकळ्या आवारात जे दिसते ते सगळेच जागेवर टिकलेले नाही. वेगवेगळ्या दशकांतली कुंपणे कशी होती ते दाखवण्यासाठी काही भाग पुन्हा उभारलेले आहेत. त्यामुळे १९५२ ची आणि १९८० च्या दशकातली व्यवस्था एकाच वेळी शेजारी शेजारी होती असा समज होऊ शकतो. तशी ती कधीच नव्हती. प्रत्येक वस्तूपुढच्या फलकावरचे साल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाहायचे कसे

गाडीने येणाऱ्याने ७२ क्रमांकाच्या महामार्गावरून होफ/ट्योपेनच्या फाट्यावर उतरावे, तिथून ट्योपेनमार्गे गाव जवळ आहे. गावात शिरल्यावर भिंत लगेच दिसते. तिच्याकडे पाठ करून आधी ओढ्यावर जावे. १८१० चा दगड शोधावा, दोन्ही अंगांची अक्षरे पाहावीत आणि त्याच्या शेजारचे पूर्व जर्मनीचे रंगीत खांब आणि बव्हेरियाचा निळा-पांढरा खांब यांच्याशी त्याची जागा ताडून पाहावी. तिन्ही एकाच रेषेच्या खुणा आहेत हे डोळ्यांनी पाहिले की वरचे सगळे प्रकरण समजते. मग ओढा ओलांडून भिंतीच्या पूर्व अंगाला जावे, गस्तीरस्त्यावरून चालावे आणि मनोरा कुठल्या घरांच्या खिडक्यांवर रोखलेला आहे ते बघावे. भिंतीचे पश्चिम अंग शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे करतात, म्हणून त्यांच्या हाती फक्त भिंतीचा फोटो लागतो.

पावसात बूट चांगले घालावेत. ओढ्याकाठची जमीन दलदलीची होते. हिवाळ्यात बर्फ पडले तर दगडांवरची अक्षरे झाकली जातात, पण विंचरलेल्या पट्ट्याचा अर्थ बर्फातच सगळ्यांत नीट कळतो: स्वतःच्या पावलांचे ठसे मागे वळून पाहावेत.

दगडाची रेषा आजही

भिंत गेली, पण दगडांची रेषा गेली नाही. गावाचा एक भाग बव्हेरियाच्या होफ जिल्ह्यात ट्योपेन ग्रामपंचायतीकडे आहे, दुसरा थुरिंगियाच्या झाले-ओर्ला जिल्ह्यात गेफेल नगराकडे. महापौर दोन. पिनकोड दोन, ९५१८३ आणि ०७९२६. फोनचे कोड दोन, ०९२९५ आणि ०३६६४९. गाड्यांच्या पाट्यांवर एकीकडे ‘एचओ’, दुसरीकडे ‘एसओके’. शिक्षण राज्यांचा विषय असल्यामुळे शेजारच्या दोन घरांतली मुले वेगवेगळ्या राज्यांच्या शाळांत जातात आणि त्यांच्या सुट्ट्यांचे वेळापत्रकही वेगळे. ३१ ऑक्टोबर, धर्मसुधारणेचा दिवस, थुरिंगियात सुट्टीचा. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबरला संतांचा दिवस म्हणून बव्हेरियात सुट्टी. ६ जानेवारी बव्हेरियात सुट्टी, ओढ्यापलीकडे कामाचा दिवस. कोविडच्या काळात तर राज्यागणिक नियम वेगळे असल्याने ओढ्याच्या दोन काठांवर नियमही दोन होते. अभिवादनही बदलते: अलीकडे ‘ग्र्यूस गॉट’, पलीकडे ‘गूटन टाग’.

मग १९९० मध्येच गाव एक का केले नाही, असा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. मार्ग उपलब्ध आहे. राज्यघटनेच्या २९ व्या कलमाखाली, ५०,००० पर्यंत वस्तीच्या भागासाठी दोन राज्यांना आपापसात करार करून हद्द बदलता येते. पण एका बाजूला थुरिंगियाने जमीन सोडायची किंवा दुसऱ्या बाजूला बव्हेरियाने, आणि नव्या बाजूची नोंदणी, कर, शाळा, पोलीस सगळे बदलायचे. पन्नास माणसांसाठी एवढी उठाठेव कोणी आरंभली नाही. चाळीस वर्षे माणसांना तोडले गेले ते हद्दीने नव्हे, हद्द ओलांडण्याच्या बंदीने, हे गावकऱ्यांनी जवळून पाहिले आहे. ओढ्यावर आता पूल आहे. त्याच्या दोन्ही टोकांना राज्यांच्या पाट्या आहेत आणि खाली, गवतात, ‘के. बी.’ आणि ‘एफ. आर.’ कोरलेला दगड आपल्या जागी आहे.